वाचकांचे प्रश्न : लिनक्सवरचे यूआयडी आणि जीआयडी

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये दोन उबुंटू सर्व्हर आहेत. एकावरचं फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटून घेण्याची पद्धत) दुसऱ्यावर जोडलं, तर तिथे एका विद्यार्थिनीच्या फाइली भलत्याच विद्यार्थ्याच्या नावावर दिसतात. तो त्या पुसूही शकतो. परवानग्या तर बरोबर आहेत!

उत्तर : परवानग्या बरोबरच आहेत, आकडे जुळत नाहीत. डिस्कवर फाइलीच्या मालकाचं नाव नसतं, फक्त यूआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा क्रमांक, असतो. दोन्हीकडे खाती वेगळ्या क्रमाने उघडली गेली, म्हणून 1003 इकडे तिचा आणि तिकडे त्याचा. एनएफएसची नेहमीची 'सिस' पद्धत हक्क तपासते तेव्हाही हाच आकडा बघते.

आकडे सारखे करताना 1003 आणि 1004 यांची थेट अदलाबदल मात्र करू नका. मध्येच दोघांच्या फाइली एका आकड्याखाली आल्या, की कोणती कोणाची हे सांगता येत नाही. सगळ्यांनाच दोन्ही सर्व्हरवर रिकामा असलेला पट्टा द्या, उदाहरणार्थ 5001 पासून पुढे. 1000 च्या खाली सिस्टिमची खाती असतात, 61184 ते 65519 सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा चालवणारा प्रोग्राम) तात्पुरत्या सेवांसाठी वापरतं आणि 65534 'नोबडी' या हक्क नसलेल्या खात्याचा. तिथे शिरू नका.

बॅकअप घ्या, एनएफएसची जोडणी सोडा, त्या वापरकर्त्याच्या सगळ्या प्रोसेस बंद करा. एकही चालू असली तर यूजरमॉड (खातं बदलण्याची आज्ञा) नकार देतं. आधी ग्रुपमॉडने जीआयडी (गटाचा क्रमांक), मग यूजरमॉडने यूआयडी बदला. लोक इथेच थांबतात आणि इथेच फसतात. यूजरमॉड फक्त होम फोल्डरमधल्या फाइलींचा आणि मेलबॉक्सचा मालक बदलतं, ग्रुपमॉड तर एकाही फाइलीला हात लावत नाही. उरलेल्या फाइली प्रत्येक डिस्कवर फाइंडने जुन्या आकड्यावरून शोधा आणि चाऊन (मालक बदलणारी आज्ञा), चग्रुप (गट बदलणारी) चालवा. दोन्हींना 'एच' पर्याय द्या, नाहीतर सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) सोडून तिच्या पलीकडची फाइल बदलते. चाऊनने प्रोग्राम फाइलींवरचे सेटयूआयडी, सेटजीआयडी बिट (प्रोग्राम मालकाच्या किंवा गटाच्या हक्काने चालवणाऱ्या खुणा) उडतात, त्यामुळे त्यांची यादी आधीच काढून ठेवा. एसीएलमधले (फाइलीवरच्या जादा परवानग्यांच्या यादीतले) आकडे आणि क्रॉनटॅबची (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या फाइलीची) मालकी हातानेच बदलावी लागते. शेवटी फाइंडला 'नोयूजर' आणि 'नोग्रुप' लावून बेवारस फाइली उरल्या का ते बघा.

प्रश्न : सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचं खातं काढलं. नव्याचं उघडताच जुन्याच्या फाइली त्याच्या नावावर झाल्या. असं कसं?

उत्तर : यूजरअॅड ही खातं उघडणारी आज्ञा वापरात असलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचा आकडा देते. तुम्ही शेवटचंच खातं काढलं असणार, म्हणून तोच आकडा पुन्हा निघाला. खातं पुसू नका, त्याची मुदत संपवा. यूजरमॉडचा नुसता 'एल' पर्याय पासवर्डच बंद करतो, एसएसएचची (दुरून लॉगिन करण्याची) किल्ली चालूच राहते. कोणता आकडा कोणाला दिला याची नोंदवही ठेवा आणि दिलेला आकडा पुन्हा कोणाला देऊ नका.

प्रश्न : पॉडमन (कंटेनर, म्हणजे वेगळ्या कप्प्यात बंद प्रोग्राम, चालवणारं साधन) रूटशिवाय, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या हक्कांशिवाय, चालवायचं आहे. एलडॅपवरच्या (खात्यांची नेटवर्कवरची सामायिक यादी) खात्यांना जमत नाही, स्थानिक खात्यांना जमतं.

उत्तर : स्थानिक खातं उघडताना यूजरअॅड सबयूआयडी आणि सबजीआयडी फाइलींत (कंटेनरसाठी वापरकर्त्याला दिलेल्या जादा आकड्यांच्या याद्या) नोंद करते, एलडॅपच्या खात्याला ती मिळत नाही. स्वतः लिहा: नाव, सुरुवात, संख्या. पहिल्याला 100000 पासून 65536 आकडे दिले असतील, तर दुसऱ्याचे 165536 पासून. पट्टे एकमेकांवर चढले, तर एकाच्या कंटेनरला दुसऱ्याच्या कंटेनरमधल्या फाइलींवर हक्क मिळतो. नोंद केल्यावर त्या वापरकर्त्याने 'पॉडमन सिस्टिम मायग्रेट' चालवावं.