मीटरमधल्या ड्रॉइंगमध्ये तुटक रेषा सलग का दिसते, आणि भरतीरेषेसाठी स्वतःची लाइनटाइप कशी करायची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: गुहागर तालुक्यात समुद्रालगतच्या माडाच्या बागेत होमस्टे बांधायचाय, त्याचा आराखडा तुम्ही ऑटोकॅडमध्ये करताय. मोजणी मीटरमध्ये मिळालीय, शीट १:५०० ला काढायचंय. भरतीरेषा, बांधकामबंदीची रेषा आणि आवाराचा गडगा अशा तीन तऱ्हेच्या रेषा हव्यात, पण सगळ्या सलगच दिसतात. एलटीस्केल (सगळ्या तुटक रेषांना लागणारा एकच गुणक) ०.१ केलं तर मॉडेलमध्ये, म्हणजे जिथे ड्रॉइंग काढतो तिथे, तुटक दिसतात आणि लेआउटमध्ये, म्हणजे छपाईच्या शीटवर, गेलं की पुन्हा सलग. आणि भरतीरेषेसाठी स्वतःची लाइनटाइप (रेघा आणि फटींचा नमुना) बनवता येते का, हेही विचारलंय.

मी रत्नागिरीत ड्राफ्टिंगचीच कामं करतो. मीटरमधली फाइल आली की ही तक्रार जवळजवळ ठरलेली. फाइल बिघडलेली नाही. लाइनटाइपची लांबी कागदावरच्या मिलिमीटरमध्ये ठरवलेली असते, तुमचं ड्रॉइंग जमिनीवरच्या मीटरमध्ये आहे, आणि या दोघांची गाठ घालणारा आकडा कुठेच दिलेला नाही. (कमांडची नावं आणि कोड मी इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अक्षरं आणि आकडे अर्थात इंग्रजी.)

आधी आकडे बघू. मेट्रिक फाइलमध्ये लाइनटाइप एकॅडआयएसओ.लिन या फाइलमधून येतात. त्यातल्या सेंटर या लाइनटाइपची व्याख्या आहे ३१.७५ ची रेघ, ६.३५ ची फट, ६.३५ ची छोटी रेघ, पुन्हा ६.३५ ची फट. एक आवर्तन ५०.८ युनिटचं. तुमचं युनिट मीटर, म्हणजे एका आवर्तनाला जवळपास ५१ मीटर लांब रेषा लागते. बागेचा दर्शनी भाग ४० मीटर असेल तर त्यात एकही आवर्तन बसत नाही, आणि बसत नसेल तर ऑटोकॅड गुपचूप सलग रेषा काढतं. इशारा वगैरे काही देत नाही.

इथे एक फाटा आहे. कुणी इंचाच्या टेम्पलेटवरून फाइल सुरू केली असेल तर लाइनटाइप एकॅड.लिन मधून येतात आणि त्यातल्या लांब्या बरोबर २५.४ पटीने लहान असतात. तिथे सेंटरचं आवर्तन २ युनिटचं. एकाच नावाची लाइनटाइप दोन फाइलींत इतकी वेगळी वागते ती यामुळे. मेझरमेंट टाइप करून बघा: १ असेल तर मेट्रिक, ० असेल तर इंची. ० असेल तर १ करा आणि लाइनटाइप पुन्हा लोड करा, कारण आकडा बदलल्याने आधी लोड झालेल्या लाइनटाइप आपोआप बदलत नाहीत.

आता ०.१ ने मॉडेलमध्ये काम होतं आणि लेआउटमध्ये का बिघडतं ते. तुम्ही हिडन ही साधी तुटक लाइनटाइप वापरलीय. तिची रेघ ६.३५ आणि फट ३.१७५. एलटीस्केल ०.१ केल्यावर मॉडेलमध्ये साधारण ६४ सेंटीमीटरची रेघ आणि ३२ सेंटीमीटरची फट झाली, स्क्रीनवर छान दिसली. लेआउटमध्ये मात्र पीएसएलटीस्केल १ असतं. ते १ असलं की व्ह्यूपोर्टचा (शीटवर मॉडेल दाखवणाऱ्या चौकटीचा) स्केल काहीही असो, रेघा कागदाच्या मापाने मोजल्या जातात. मग तीच रेघ कागदावर ०.६४ मिमी आणि फट ०.३२ मिमी. रेषेची जाडी ०.३५ ठेवली असेल आणि रेघांची टोकं गोल छापली जात असतील, तर दोन्ही बाजूंच्या टोकांनी ती फट बुजून जाते. प्लॉटरवाल्याला दोष देऊ नका.

यावर नेटवर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्या त्या रेषेचा लाइनटाइप स्केल वाढवा. तसं करू नका. तो आकडा एलटीस्केलशी गुणला जातो, रेषेसोबत कॉपी होतो, दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट केली तरी चिकटून राहतो. महिन्याभराने एकाच लेअरवर पाच तऱ्हेच्या तुटक रेषा दिसतात आणि कोणती कुणी का बदलली ते कुणालाच सांगता येत नाही. सेल्टस्केलचंही (नव्या रेषांना आपोआप मिळणाऱ्या स्केलचंही) तेच: एकदा चुकून १० झालं की त्यानंतर काढलेली प्रत्येक रेषा १० घेऊन जन्माला येते.

माझी पद्धत अशी. एलटीस्केल, पीएसएलटीस्केल, एमएसएलटीस्केल, सेल्टस्केल, चारही १. लाइनटाइप मात्र स्वतःच्या, कागदावर जेवढे मिलिमीटर हवेत तेवढ्याच लांबीच्या. मग लेआउटमध्ये वेगळं काही करावं लागत नाही. पीएसएलटीस्केल प्रत्येक लेआउटसाठी स्वतंत्र साठवलं जातं, त्यामुळे दुसरं शीट उघडलं की तिथेही तपासा, आणि बदलल्यावर रीजेनऑल (सगळं नव्याने रेखाटायची कमांड) द्या.

राहिलं मॉडेल. एमएसएलटीस्केल १ असलं की मॉडेलमधल्या तुटक रेषा खालच्या पट्टीवरच्या अॅनोटेशन स्केलने मोठ्या होतात. इथे मीटरवाले फसतात. साधा १:५०० निवडला तर ऑटोकॅड समजतं की कागदावरचं १ युनिट म्हणजे ड्रॉइंगमधली ५०० युनिट, म्हणजे तुमचे ५०० मीटर! मीटरच्या फाइलमध्ये १:५०० म्हणजे कागदावरचा १ मिमी म्हणजे जमिनीवरचा अर्धा मीटर. म्हणून स्केलच्या यादीत नवीन स्केल घाला: पेपर युनिट १, ड्रॉइंग युनिट ०.५, नाव ‘मीटर ५००’. १:२०० ला ०.२, १:१००० ला १, आणि गावनकाशाच्या १:४००० ला ४. भाजक भागिले हजार, एवढंच गणित. हाच स्केल व्ह्यूपोर्टलाही लावा, दोन्हीकडे रेषा सारख्या दिसतील. लेआउट न वापरता थेट मॉडेलमधून छापायची सवय असेल तर एमएसएलटीस्केल ० करा आणि एलटीस्केलला हाच आकडा द्या, १:५०० ला ०.५.

आता स्वतःची लाइनटाइप. नोटपॅडमध्ये नवी फाइल घ्या आणि शेवटी .लिन लावून साठवा. ऑटोकॅडच्या मूळ फाइलमध्ये भर घालू नका. नवी आवृत्ती बसवली की ती भर मागेच राहते. प्रत्येक लाइनटाइपला दोन ओळी लागतात:

*भरतीरेषा,उच्च भरतीरेषा
ए,१०,-२,०.५,-२

तारांकन, नाव, स्वल्पविराम, वर्णन. नाव आणि वर्णन तुमच्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांत ठेवा, जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांचे त्रास वाचतात. दुसरी ओळ नेहमी ए ने सुरू. धन आकडा म्हणजे पेन टेकलेलं, ऋण म्हणजे उचललेलं, ० म्हणजे ठिपका. पहिली संख्या ऋण चालत नाही. एका व्याख्येत जास्तीत जास्त बारा आकडे, आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर मारायला विसरू नका. मी ठिपक्याच्या जागी मुद्दाम ०.५ लिहिलंय. ० चा ठिपका फक्त पेनाच्या जाडीचा उमटतो. बारीक पेन असेल तर शीटची झेरॉक्स काढेपर्यंत तो नाहीसा होतो, आणि आपल्याकडे प्रस्तावाला किती प्रती जोडाव्या लागतात ते तुम्हाला माहीतच आहे.

बांधकामबंदीच्या रेषेला साधी ए,५,-१.५ पुरते. भरतीरेषेवर एचटीएल (हाय टाइड लाइन) अशी अक्षरं हवी असतील तर:

ए,१०,-१,["एचटीएल",स्टँडर्ड,एस=२,यू=०,एक्स=०,वाय=-१],-७

एस ही अक्षरांची उंची. वाय तिच्या निम्मी आणि ऋण, म्हणजे अक्षरं रेषेच्या मधोमध बसतात. यू मुळे रेषा उलट दिशेने काढली असली तरी अक्षरं डोक्यावर उभी राहत नाहीत. जुन्या फाइलींत तिथे आर दिसेल, त्यात ती सोय नाही. शेवटची ७ ची फट अक्षरांसाठीची जागा आहे. फॉन्ट रुंद असेल तर वाढवा. स्टँडर्ड हे टेक्स्ट स्टाइलचं नाव. स्टाइल ड्रॉइंगमध्ये आधीपासून असली पाहिजे आणि तिची उंची ० हवी. स्टाइलला उंची दिलेली असेल तर एस तिच्याशी गुणला जातो आणि अक्षरं भलतीच मोठी येतात.

गडग्यासाठी डोकं खाजवायची गरज नाही. फेन्सलाइन२ ही तयार लाइनटाइप आहे, रेषेत छोटे चौकोन येतात, चिऱ्यांच्या गडग्याला ती शोभून दिसते. वईला (काट्याकुट्यांच्या कुंपणाला) फेन्सलाइन१, तिच्यात गोल येतात. कोकण रेल्वे तुमच्या शीटमध्ये येत नसावी, पण आलीच तर ट्रॅक्स आहे. या तयार लाइनटाइप मोठ्या मापाच्या असतात, त्यामुळे मूळ व्याख्या कॉपी करून आपल्या फाइलमध्ये आकडे लहान करून घ्या. चौकोनाचा एस सुद्धा त्याच प्रमाणात कमी करा, नाहीतर रेघ छोटी आणि चौकोन अगडबंब.

एवढं सगळं करूनही तुमची भरतीरेषा सलगच दिसेल अशी मला दाट शंका आहे. किनाऱ्याची रेषा सरळ नसते. मोजणीत दर दोन-तीन मीटरवर बिंदू घेतलेला असतो. पॉलीलाइनमध्ये ऑटोकॅड प्रत्येक शिरोबिंदूपाशी आवर्तन नव्याने सुरू करतं. तुमचं आवर्तन कागदावर साडेचौदा मिमी, १:५०० ला जमिनीवर सव्वासात मीटर. दोन मीटरच्या तुकड्यात ते कसं मावणार? प्रत्येक तुकडा सलग, म्हणून अख्खी रेषा सलग. खडकाळ भागात हे जास्त जाणवतं, लांब पुळणीवर बिंदू विरळ असले तर कमी. उपाय: रेषा निवडा, प्रॉपर्टीजमध्ये लाइनटाइप जनरेशन एनेबल करा. पुढच्या रेषांसाठी पीएलाइनजेन १. रेषा सुट्या तुकड्यांत आली असेल तर आधी पीएडिटने जोडून घ्या. इमारतीच्या आणि प्लॉटच्या बाह्यरेषेला मात्र ही सोय बंदच ठेवा. कोपऱ्यावर रेघ यायला हवी, फट आली तर कोपराच दिसत नाही.

दुसरी शंका हद्दींची. गटाचे हिस्से पडलेले असतील आणि प्रत्येक हिस्सा स्वतंत्र बंद पॉलीलाइन म्हणून काढला असेल, तर सामाईक हद्दीवर दोन रेषा एकावर एक असतात. एकीची रेघ दुसरीच्या फटीवर पडते आणि हद्द सलग दिसते, तेही फक्त सामाईक बाजूंना, बाहेरच्या बाजू व्यवस्थित. माणूस अशा वेळी एलटीस्केलशी झटापट करत बसतो आणि तिथे काही सापडत नाही. एका रेषेवर क्लिक करून हलवून बघा. खाली दुसरी निघाली तर कारण तेच. ओव्हरकिल (एकावर एक आलेल्या रेषा काढून टाकणारी कमांड) फाइलच्या प्रतीवर चालवा, कारण क्षेत्रफळासाठी बंद पॉलीलाइन लागतात आणि ओव्हरकिल त्या तोडू शकतं. मी क्षेत्रफळाच्या पॉलीलाइन न छापणाऱ्या लेअरवर ठेवतो आणि हद्द वेगळी एकदाच काढतो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. रेषा कितीही देखणी काढली तरी तिची जागा तुम्ही ठरवायची नाही. भरतीरेषा किनारपट्टी व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावरूनच घ्या. बागेच्या कडेला ओल दिसते तिथून नव्हे. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन गट आहेत: २०११ च्या जनगणनेत घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तिथे बांधकामबंदी भरतीरेषेपासून ५० मीटर, बाकीच्या ठिकाणी २०० मीटर. खाडीकाठचा नियम पुन्हा वेगळा. तुमच्या गटाला काय लागू होतं ते नकाशावर बघून मगच ऑफसेट मारा, आणि कोणत्या नकाशावरून रेषा घेतली ते शीटवर लिहा.

फाइल दुसऱ्याला देताना .लिन सोबत द्यावी लागत नाही, व्याख्या ड्रॉइंगमध्येच साठते. अक्षरांचा फॉन्ट किंवा चौकोनांची एलटाइपएसएचपी.एसएचएक्स ही शेप फाइल मात्र समोरच्याकडे असायला हवी. तसंच .लिन मध्ये नंतर आकडा बदललात तर ड्रॉइंगला त्याचा पत्ता नसतो. लाइनटाइप मॅनेजरमधून पुन्हा लोड करा, ‘आधीच आहे, बदलू का’ विचारेल, हो म्हणा. तुमची फाइल वास्तुविशारदाने आपल्या फाइलला एक्सरेफ (बाहेरून जोडलेलं ड्रॉइंग) म्हणून जोडली तर तिथे त्यांच्या फाइलचं एलटीस्केल चालतं, तुमचं नाही. एवढ्यासाठी त्यांना आधीच विचारून ठेवा, त्यांचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे का.

अजूनही एखादी रेषा सलग राहिलीच तर ती निवडून लिस्ट द्या आणि लाइनटाइपचं नाव, तिचा स्केल आणि लांबी इथे लिहा. त्यावरून कारण सांगता येईल.