तीन प्लेट पोह्यांचं बिल २०२०२०

प्रश्न: या सत्रापासून इंदूरच्या एका शाळेत अकरावीला कम्प्युटर सायन्स शिकवते आहे. मुलं पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले प्रोग्राम पोथीसारखे पाठ करतात. फॅक्टोरियल (१ पासून दिलेल्या संख्येपर्यंतचा गुणाकार) म्हटलं की धडाधड लिहितात, पण एक अट बदलली की हात थांबतो. लॅबमध्ये मुलं ४०, चालू मशीन १६. घरून करून आणलेलं काम तर मोबाइलनेच लिहून दिलेलं असतं. सुरुवात कुठून करू? (एक शिक्षिका, इंदूर)

उत्तर: पाठांतरावरून मुलांना फार बोलू नका. सीबीएसईत थिअरीचे ७० गुण कागदावर पेनाने मिळवायचे, प्रॅक्टिकलचे फक्त ३०. मी स्वतः टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर पहिली ओळ कशासाठी लिहायची हे न कळताच ती लिहीत होते. सरांनी सांगितली म्हणून.

माझ्या वर्गात आधी रन, म्हणजे प्रोग्राम चालवणं, नाही. प्रोग्राम फळ्यावर, उत्तर काय येईल ते प्रत्येकाने वहीत पेन्सिलीने लिहायचं, मगच मशीनला हात. मागच्या वर्षी पोह्यांच्या बिलाचा प्रोग्राम दिला होता. प्लेटी तीन, भाव कीबोर्डवरून घ्यायचा. भाव टाकला २०. सगळ्यांच्या वहीत ६०, पडद्यावर २०२०२०! मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, इतने का पोहा तो छप्पन दुकान पे भी नहीं मिलता!" (छप्पन दुकान म्हणजे इंदूरची खाऊगल्ली.)

कीबोर्डवर टाकलेलं घेणारी 'इनपुट' ही आज्ञा आपल्या हातात देते ती अक्षरं, संख्या नव्हे. अक्षरांना तिनाने गुणलं की पायथन तीच अक्षरं तीनदा ओळीने मांडून ठेवतो. हे मी वर्षानुवर्षं तोंडी सांगत आले, राहिलं कुणाच्याच डोक्यात नाही. वहीतले ६० खोडावे लागले तेव्हा राहिलं. अक्षरांचं संख्येत रूपांतर करणारं 'इंट' कुठे लावायचं ते मग त्यांचं त्यांनीच शोधलं.

मराठी घरांतली मुलं वर्गात असतील तर आणखी एक गंमत दाखवाच. भाव देवनागरी आकड्यांत टाकला तरी इंट तो बरोबर ओळखतं. प्रोग्रामच्या ओळीत थेट देवनागरी आकडा लिहिला तर मात्र सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमाची चूक. आणि व्हेरिएबलचं (ज्यात किंमत साठवतो त्याचं) नाव चक्क 'भाव' ठेवता येतं. हे कळल्यावर माझ्याकडे दोन दिवस नुसता धिंगाणा होता, एकाने तर आजीचं नाव ठेवलं.

१६ मशीन पुरतात. आठांवर दोघं-दोघं, आठांवर तिघं-तिघं. कीबोर्ड ज्याच्या हातात त्याने फक्त शेजारचा सांगेल तेवढंच टाइप करायचं, दहा मिनिटांनी जागा बदलायची. हुशार पोरं कीबोर्ड सोडायला तयार नसतात, तेवढं लक्ष ठेवा.

मोबाइलवरचा प्रोग्रामही आणू द्या. एका ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ही काढली तर काय होईल? सांगता आलं तर गुण. ओळीने आकडे देणाऱ्या 'रेंज'मध्ये १ आणि १० दिले तर १० का छापला जात नाही, एवढं विचारलं तरी बऱ्याच जणांचं पितळ उघडं पडतं.

या सगळ्यात कोर्स मागे पडतो. माझा दिवाळीपर्यंत पडतोच, लिस्ट आणि डिक्शनरी हे धडे मग पळवावे लागतात. प्राचार्यांच्या कानावर आत्ताच घालून ठेवा.