लग्नात वाजवणाऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटने अरेंजमेंट तयार विकत घ्याव्यात की लिहून घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो असा तुमचा नवा ग्रुप आहे, पुण्यात लग्नांच्या सुपाऱ्या घ्यायच्या आहेत, तर नेटवरच्या तयार अरेंजमेंट (म्हणजे गाणं चार वाद्यांत वाटून लिहिलेली पानं) घ्याव्यात की कुणाकडून लिहून घ्याव्यात, आणि सुरुवातीला किती गाणी हवीत. मी व्हिओला वाजवते, सात वर्षं लग्नांमध्ये वाजवलंय. विकतच्या की लिहून घेतलेल्या हे नंतर बघा हो. आधी हे बघा की ती अरेंजमेंट मधेच कुठे थांबवता येते. हे मी एका माणसाला सहा वर्षं सांगतेय.

एरंडवण्यातलं कार्यालय, मे महिना, मुहूर्त 12 वाजून 32 मिनिटांचा. मुलीची हौस अशी की बोहल्यावर येताना सनईची रेकॉर्ड नको, तिचं आवडतं सिनेमातलं गाणं आमच्या वाद्यांवर हवं. आमच्या फर्स्ट व्हायोलिनवाल्याने अरेंजमेंट आणली. पाच पानी, चौघांनाही भरपूर काम असलेली, आणि खोटं कशाला बोलू, सुंदर. पण सुरुवातीचे 16 बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची 16 आवर्तनं, नुसते चेलो आणि व्हिओला, संथ, सेकंदाला एक ठोका. सोळा चोक चौसष्ट. म्हणजे मिनिटभर गाण्याची चालच नाही. मी आदल्या दिवशी जाऊन वधूच्या खोलीपासून बोहल्यापर्यंतची पावलं मोजून आले होते. पंचवीस. म्हटलं, सुरुवात कापू या. तर म्हणाला, "प्रस्तावनेशिवाय त्या गाण्याला अर्थच नाही."

गुरुजींनी माइकवर पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे," आणि मामा तिला घेऊन जे निघाले ते वीसेक सेकंदांत अंतरपाटापाशी. आम्ही अजून पाचव्या बारमध्ये. वरून पंखा. पानं कपड्यांच्या चिमट्यांनी स्टँडला लावली होती, तरी माझं दुसरं पान फडफडत होतं. प्रस्तावना संपून फर्स्ट व्हायोलिनवर चाल आली तेव्हा मुलगी कधीची अंतरपाटामागे उभी होती आणि लोक अक्षता मुठीत घेऊन आमच्याकडे बघत होते. चार ओळी झाल्या असतील, गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि "स्वस्ति श्री" उचललं. आम्ही डी मेजरमध्ये, म्हणजे आमचा सा डी, त्यांचा सा डी आणि डी शार्पच्या मधे कुठेतरी. ते कानाला काय वाटलं हे तुम्ही वाजवणारे आहात, सांगायला नको. मी बो (गज) तारांवरून उचलला. सेकंड व्हायोलिनने माझ्याकडे पाहून उचलला. चेलो दोन बारनंतर थांबला. हा पठ्ठ्या मात्र एकटाच रिपीटसकट शेवटपर्यंत! पहिल्या "सावधान"ला अक्षता उडाल्या त्यातल्या दोन-चार त्याच्या व्हायोलिनच्या एफ अक्षरासारख्या भोकातून आत गेल्या. (त्याने काही बिघडत नाही. व्हायोलिन दुरुस्त करणारे आतली धूळ काढायला मुद्दाम तांदूळ घालून हलवतात.)

नंतर पंगतीत जिलेबी मोडत म्हणाला, "व्हिओला सुटला म्हणून सगळं कोसळलं." अजून चारचौघांत हेच सांगतो. व्हिओला सुटला नव्हता. व्हिओलाला मंगलाष्टक ऐकू आलं होतं.

तर अरेंजमेंट. पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराचा कॅनन वाजवणाऱ्या सगळ्यांनाच माहीत, लोक नाकं मुरडतात, पण तो लग्नात टिकलाय त्याला कारण आहे. चेलोला तेच 8 स्वर 28 वेळा (आमची चेलोवाली म्हणते, ती तेवढ्यात मंडईची यादी करते), म्हणजे दर दोन बारला बाहेर पडायचं दार. आठवा स्वर झाला की पुढच्या डीवर चौघांनी उतरायचं, ऐकणाऱ्याला वाटतं तुकडा तिथेच संपत होता. इशारा सेकंड व्हायोलिनने करायचा. फर्स्टने नाही, तो चालीत रमलेला असतो.

कुठलीही अरेंजमेंट घेताना पेन्सिल घेऊन बसा आणि अशी दारं शोधा. आठ-आठ बारमध्ये एकही सापडलं नाही तर पैसे घालवू नका. चाल चौथ्या बारच्या आत यायला हवी. मेंडेल्सोहनचं 1842 सालचं वेडिंग मार्च मागतील; ते ट्रम्पेटच्या ललकारीने सुरू होतं आणि चार तंतुवाद्यांवर ती ललकारी केविलवाणी वाटते. वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' ऑपेरातला वधूगीताचा तुकडाही मागतील. त्या ऑपेरात त्या जोडप्याचं त्याच रात्री फिसकटतं, पण हे गिऱ्हाइकाला सांगू नका, मी एकदा सांगितलं होतं.

हिंदी-मराठी गाणी मात्र लिहूनच घ्या. नेटवरच्यांत हरकती आणि मींड बारीक बारीक स्वरांत लिहून ठेवलेल्या असतात, वाचून वाजवल्या की टाइपरायटर. साधे मुक्कामाचे स्वर लिहायला सांगा, बाकी फर्स्टने गाणं शंभरदा ऐकावं. दादऱ्यातलं भावगीत 6/8 मध्ये, म्हणजे बारमध्ये तीन-तीनचे दोन गट, असं लिहून घ्या. 3/4 मध्ये, म्हणजे बारमध्ये तीनच ठोके, असं लिहिलं की वॉल्ट्झ हा पाश्चात्त्य नाच होतो आणि आजीच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसतं. स्केल डी किंवा जी मेजर, मोकळ्या तारा बोलतात, नाहीतर हॉलच्या गोंगाटात काही ऐकू जात नाही. तयार सेटमध्ये व्हिओलाच्या जागी तिसऱ्या व्हायोलिनचा पार्ट देतात, तो घेऊ नका. व्हायोलिन जी स्वराच्या खाली उतरत नाही, आम्ही व्हिओलावाले खाली सीपर्यंत जातो. कमीपणा वाटतो तो वेगळाच.

किती गाणी? पंगती चालू असताना वीसेक पुरतात. परत वाजवली तरी जेवणाऱ्यांना कळत नाही.

हे सगळं कार्यालयातल्या लग्नाचं झालं. कॅम्पातल्या चर्चमध्ये किती चालायचं ते ठरलेलं असतं, तिथे पाच पानी प्रस्तावनासुद्धा चालून जाईल, फक्त फादरना आधी विचारा, काही ठिकाणी सिनेमातलं चालत नाही. आणि हो, लग्नसमारंभात गाणं वाजवायला परवानगी लागत नाही, 1957 च्या कॉपीराइट कायद्यातच लग्नाला सूट आहे. पण ती वाजवण्यापुरती. विकत घेतलेल्या पीडीएफच्या झेरॉक्स दुसऱ्या ग्रुपला वाटणं त्यात बसत नाही. आमच्या फर्स्टने तेही केलंय.

चेलोसाठी बिनहाताची खुर्ची आदल्या दिवशीच सांगून ठेवा. कार्यालयात सगळ्या हातांच्या प्लॅस्टिकच्या असतात. आम्हाला ऐनवेळी आचाऱ्याचं स्टूल मिळालं, एक पाय आखूड, त्याखाली त्या पाच पानांतलं शेवटचं पान घडी करून घातलं.