माहिती भरपूर आहे, मग युक्तिवाद कुठे अडतो?

प्रश्न : मी मुलुंडला राहते, राज्यशास्त्राच्या तृतीय वर्षात आहे आणि यूपीएससीची तयारी मराठी माध्यमातून करते आहे. ‘मुंबईतील पूर : निसर्गाचा कोप की नियोजनाचे अपयश?’ या सराव निबंधावर सरांनी ‘माहिती भरपूर, युक्तिवाद नाही’ असा शेरा दिला. माझे नेमके काय चुकले?

उत्तर : सोबत पाठवलेला निबंध वाचला. सरांचा शेरा रास्त आहे, थोडा त्रोटक असला तरी.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा वस्तुस्थितीचा दावा असून तो वेधशाळेच्या नोंदीने सिद्ध होतो. पुढच्याच वाक्यात मात्र तुम्ही ‘म्हणून हे नियोजनाचे अपयश होते’ असे लिहिता. हा दावा कारणाचा आहे आणि त्याला हा आकडा आधार देत नाही. उलट इतक्या पावसापुढे कोणते गटार टिकणार, असे म्हणणाऱ्या प्रतिपक्षालाच तो उपयोगी पडतो. कारण दाखवायचे तर जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी सुमारे २५ मिलिमीटर होती, बृहन्मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांविषयीच्या १९९३च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती ५० करण्याची शिफारस केली होती, ते काम २००५ पर्यंत रखडले आणि दरम्यान मिठी नदीचे पात्र भराव व अतिक्रमणांनी आक्रसले, ही साखळी मांडावी लागेल. तरीही ती क्षमता दुप्पट झाली असती, तर त्या दिवशी पाणी तुंबलेच नसते, असे म्हणता येणार नाही. ‘नियोजनातील दिरंगाईने हानी वाढली’ एवढा मर्यादित दावा करा. परीक्षकापुढे तो अधिक टिकतो.

‘अपयश’ हा शब्द मूल्यनिर्णय आहे. कोणाकडून कोणती अपेक्षा होती, हा निकष आधी सांगितल्याशिवाय तो केवळ संताप ठरतो. शेवटची ‘नदीकाठची सर्व वस्ती हटवावी’ ही सूचना धोरणाचा दावा आहे. तिथे पुनर्वसन कुठे, खर्च कोणाचा आणि दुसरे पर्याय का नाकारले, याची उत्तरे हवीत. तुमच्या निबंधात त्यांपैकी एकही नाही.

यूपीएससी मुख्य परीक्षेत निबंधाची प्रश्नपत्रिका २५० गुणांची असते व दोन निबंध लिहावे लागतात, म्हणून ही सवय आताच लावून घ्या. याच निबंधातील प्रत्येक ‘म्हणून’ अधोरेखित करा आणि त्याच्या आधीचे विधान नंतरच्या विधानाला खरोखर पेलते का, ते तपासून तेवढेच परिच्छेद नव्याने लिहून सरांना दाखवा.