सिंहगडावरून वाडीला तारांशिवाय वीज पाठवता येईल का?

तुम्ही विचारलंय की वेल्ह्यातल्या तुमच्या वाडीचे विजेचे खांब पावसाळ्यात पडतात, मग सिंहगडावर टॉवर उभारून वीसेक किलोमीटरवर वायरलेस वीज पाठवता येईल का, आणि ती माणसा-गुरांना बाधेल का.

मी पुण्यात अँटेना डिझाइनचं काम करतो. पाठवता येते, हे नक्की. १९७५ साली कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला २६ मीटरच्या डिशमधून दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून जास्त वीज मायक्रोवेव्हने पोचली होती. २०२५ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने लेझरने ८.६ किलोमीटरवर ८०० वॅट पाठवले, तेही अर्धा मिनिटच. शिवाय तुमच्याकडच्या धुक्यात लेझर अडतो. मायक्रोवेव्हला पावसाची फारशी पर्वा नसते, म्हणून त्यांचाच हिशोब मांडतो.

खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश आहेत. तेवढी डिश गडावर बसवली (कोणी बसवू देणार नाही, देऊही नये), मध्ये एकही डोंगर आला नाही आणि २.४५ गिगाहर्ट्झवर झोत सोडला, तरी वीस किलोमीटरवर तो सुमारे १३० मीटर रुंद होतो. म्हणजे तीन एकरांहून जास्त जागा फक्त वीज झेलायला. सर्वसामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला १० वॅट आहे. ती पाळली तर एवढ्या जागेत फार तर १३० किलोवॅट उतरतात आणि घट जाऊन हाती शंभरच्या आसपास राहतात. गल्लीतला एक डीपी एवढं सहज देतो! त्याच जमिनीवर सोलर पॅनेल लावले तर भर दुपारी पाचशे-सहाशे किलोवॅट मिळतील.

जास्त वीज हवी तर मर्यादा ओलांडायची, आणि धोका तिथे सुरू होतो. हे किरण क्ष-किरणांसारखे अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवत नाहीत, पण शरीर तापवतात. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसल्याने तिथली उष्णता लवकर निघत नाही. जमिनीला कुंपण घालता येतं, झोतातून उडणाऱ्या पाखरांना नाही. झोत भरकटला तर तो तोडण्यासाठी खालून सतत खुणेचा सिग्नल पाठवण्याची युक्ती आहे, पण वस्तीशेजारी केवळ तिच्या भरवशावर राहायला माझं मन धजत नाही.

तुमच्या वाडीला मी सोलर आणि बॅटरीच सुचवेन. पावसाळ्यात ऊन कमी, म्हणून बॅटरी आणि पॅनेल दोन्ही सढळ हाताने धरावे लागतील. घरं किती आहेत आणि पिठाची गिरणी किंवा पाण्याचा पंप चालवायचा आहे का, ते कळवा. अंदाज काढून देतो.