रॉबर्ट बर्न्सची जयंती स्कॉटलंडने दरवर्षी एवढी साजरी का करावी?

तुम्ही विचारलंय, की स्कॉटलंडमधली माणसं दर २५ जानेवारीला रॉबर्ट बर्न्सच्या नावाने पंगती मांडतात, भाषणं करतात, त्याच्या आठवणीने ग्लास उंचावतात. एका कवीचं दरवर्षी एवढं कौतुक कशाला, आणि तेही बायकांच्या बाबतीत ज्याचं वागणं धड नव्हतं अशा माणसाचं? मी ग्लासगोत राहते, माझी मुलं इथल्याच शाळेत शिकली आणि या जयंतीच्या रात्रीच्या जेवणाला, म्हणजे बर्न्स सपरला, मी दरवर्षी हौसेने जाते. हा मान त्याचा हक्काचा आहे असं मला मनापासून वाटतं. आणि तो दरवर्षीच द्यायला हवा, शताब्दीला एकदा पुतळा उभारून भागणारं ते काम नाही. का, ते सांगते.

हा सोहळा कुठल्या सरकारने सुरू केलेला नाही. बर्न्स २१ जुलै १७९६ रोजी डम्फ्रीज गावी वारला, तेव्हा तो अवघा ३७ वर्षांचा होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १८०१ च्या जुलैत, त्याच्या ओळखीपाळखीची नऊ माणसं एअरशरमधल्या अ‍ॅलोवे गावात जमली. ज्या मातीच्या घरात तो १७५९ साली जन्मला आणि जे घर त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलं होतं, तिथेच ती जेवायला बसली. हॅमिल्टन पॉल नावाच्या पाद्र्याने हे जमवून आणलं होतं. ताटात हॅगिस हा मेंढीच्या मांसाचा पदार्थ होता, हॅगिसवरची बर्न्सची कविता म्हटली गेली, त्याच्या नावाने ग्लास उचलले गेले आणि उठताना पुन्हा भेटायचं ठरलं. ग्रीनॉक बंदरातल्या मंडळींनीही त्याच वर्षी बर्न्स क्लब काढला. त्यांनी पहिली जयंती २९ जानेवारीला केली, कारण जन्मतारीख तीच असा त्यांचा समज होता. पुढे चर्चच्या नोंदवहीत २५ तारीख सापडली आणि तीच रूढ झाली. या दिवशी स्कॉटलंडमध्ये आजही सार्वजनिक सुट्टी नसते. दिवसभर कामं उरकून माणसं संध्याकाळी जमतात. वरून कुणी फर्मान न काढता सव्वादोनशे वर्षं हे चालू आहे, आणि मला वाटतं कवीच्या लायकीचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

पण लोकांना हे करावंसं का वाटलं, हे कळायला त्या काळच्या भाषेची स्थिती पाहावी लागते. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि दरबार एडिंबरा सोडून लंडनला गेला. १७०७ मध्ये स्कॉटलंडची स्वतंत्र पार्लमेंटही गेली. ज्या स्कॉट्स या इंग्रजीच्या जवळच्या पण वेगळ्या भाषेत एके काळी राजे कविता करत, ती आता घरात, शेतात आणि बाजारात उरली. शिकलेल्यांना तिची लाज वाटू लागली. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेसुद्धा आपल्या लिखाणात चुकून येऊ नयेत म्हणून स्कॉट्स वळणाच्या शब्दांची यादी केली होती. १७६१ मध्ये थॉमस शेरिडन हा आयरिश नट एडिंबराला इंग्रजी उच्चारांवर व्याख्यानं द्यायला आला, तेव्हा शहरातली प्रतिष्ठित मंडळी ती ऐकायला लोटली. स्वतःच्या जिभेवरचं वळण पुसून टाकायला माणसं पैसे मोजत होती.

अशा वेळी, ३१ जुलै १७८६ रोजी, किल्मार्नॉकच्या जॉन विल्सन या मुद्रकाने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या २७ वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या, म्हणजे बर्न्सच्या, कविता छापल्या. ६१२ प्रती, किंमत तीन शिलिंग. महिनाभरात त्या संपल्या. त्यात एका उंदरावरची कविता आहे. नोव्हेंबरात नांगरताना फाळाने उंदराचं घरटं उधळलं जातं आणि नांगर धरणारा त्या भेदरलेल्या जीवाची माफी मागतो. हिवाळा तोंडावर आलाय, घर मोडलंय आणि नवं बांधायला आता गवतही नाही, हे तो उंदराला सांगतो तेव्हा स्वतःच्या घरादाराची भीती बोलत असतो. बर्न्सच्या वडिलांनी दुसऱ्याच्या जमिनीवर आयुष्यभर राबून काढलं. जमिनीच्या भाड्यावरून जमीनमालकाशी झालेला खटला त्यांनी जिंकला, पण तोवर शरीर खचलं होतं. १७८४ मध्ये ते गेले. कविता त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, १७८५ मध्ये लिहिलेली. अशी कविता इंग्रजी उच्चारांचे धडे गिरवणाऱ्या दिवाणखान्यात जन्मली नसती.

एडिंबराने त्याला डोक्यावर घेतलं, पण ‘देवानेच शिकवलेला नांगऱ्या’ म्हणून. ही प्रतिमा मला अजिबात पटत नाही. वडिलांनी शेजाऱ्यांच्या मदतीने मुलांसाठी मास्तर ठेवला होता. बर्न्सने शेक्सपिअर, इंग्रज कवी अलेक्झांडर पोप आणि स्कॉट्स कवी अ‍ॅलन रॅम्झी वाचले होते. गाणी त्याला आईच्या तोंडून मिळाली होती. त्याचे हितचिंतक त्याला बजावत होते की ही बोली सोड, इंग्रजीत लिही, तरच नाव होईल. त्याने इंग्रजीतही लिहिलं, पण स्कॉट्स सोडली नाही. ‘टॅम ओ’शँटर’ ही दारू पिऊन रात्री घरी निघालेल्या शेतकऱ्याला पछाडणाऱ्या चेटकिणींची दीर्घ कविता त्याने त्यानंतर, १७९० मध्ये लिहिली, आणि ती मोठ्याने म्हणणारा नीट माणूस मिळाला तर अख्खं सभागृह श्वास रोखून ऐकतं.

आता सगळ्यांत मोठं कारण, आणि तुमच्या प्रश्नात जे मुळीच आलेलं नाही: त्याने जमवलेली गाणी.

१७८७ मध्ये एडिंबरात त्याला जेम्स जॉन्सन नावाचा एक नक्षीकाम करणारा कारागीर भेटला. स्कॉटलंडची गाणी चालींसकट छापायची या माणसाला ओढ होती. १७८७ ते १८०३ या काळात त्याचे सहा खंड निघाले, त्यांत मिळून सहाशे गाणी. त्यांतली सुमारे एक तृतीयांश बर्न्सने दिलेली, दुरुस्त केलेली किंवा स्वतः रचलेली आहेत. शेती बुडीत जात होती म्हणून तो अबकारी खात्यात नोकरीला लागला होता. आठवड्याला दोनशे मैल घोड्यावर फिरायचं, आणि फिरता फिरता कुणाच्या ओठावर अर्धं कडवं सापडलं की ते टिपायचं, चाल असेल तर शब्द पुरवायचे, शब्द असतील तर चाल शोधायची. कितीतरी गाण्यांवर त्याने स्वतःचं नावही घातलं नाही. ‘ऑल्ड लँग साइन’ हे जुन्या दिवसांच्या आठवणीचं गाणं आपण एका म्हाताऱ्याच्या तोंडून उतरवून घेतलं असं त्यानेच लिहून ठेवलंय. ते छापून आलं त्याच्या मृत्यूनंतर.

या कामाचे त्याने पैसे घेतले नाहीत. जॉर्ज थॉमसन या दुसऱ्या संपादकाने १७९३ मध्ये पाच पौंड पाठवले तेव्हा बर्न्सला ते अपमानास्पद वाटलं आणि पुन्हा असं केलंत तर संबंध संपला, असं त्याने कळवलं. १२ जुलै १७९६ ला त्याच माणसाने थॉमसनकडे पाच पौंडांची याचना केली, कारण कपड्यांच्या उधारीसाठी एक दुकानदार तुरुंगात टाकायला निघाला होता आणि बर्न्स अंथरुणाला खिळला होता. थॉमसनने पैसे पाठवले. नऊ दिवसांनी बर्न्स गेला. २५ जुलैला, अंत्ययात्रा निघाली त्याच दिवशी, त्याची बायको जीन आर्मर बाळंत झाली. मला विचाराल तर एका संध्याकाळचं जेवण ही त्या देण्याची फार लहान फेड आहे.

आणि गाणं गायलं नाही तर उरत नाही. छापलेला खंड ग्रंथालयात सुखरूप राहील, पण ‘अ रेड, रेड रोझ’ हे त्याचं प्रेमगीत कुणीतरी उभं राहून म्हणायला हवं, बाकीच्यांनी त्यात सूर मिसळायला हवा. म्हणून ही जयंती वर्षाला एकदा येते, आणि म्हणून ती जेवणाच्या टेबलाभोवती होते.

तुम्ही कधी गेला नसाल तर क्रम असा असतो. आधी चार ओळींची प्रार्थना, आपल्या ‘वदनि कवळ घेता’सारखी: कुणाकडे अन्न आहे पण भूक नाही, कुणाला भूक आहे पण अन्न नाही, आम्हाला दोन्ही मिळालं म्हणून देवाचे आभार. मग बॅगपाइप वाजवणाऱ्याच्या मागोमाग हॅगिसचं ताट येतं. सगळे उभे राहतात. एक जण हॅगिसला उद्देशून लिहिलेली कविता साभिनय म्हणतो आणि ठरलेल्या ओळीला सुरी खुपसतो. मेंढीचं यकृत, हृदय, फुप्फुसं बारीक करून ओटचा भरडा, कांदा आणि मिरपूड घालून मेंढीच्याच जठरात शिजवलेला हा गरिबाघरचा पदार्थ. बर्न्सने त्याला भपकेबाज फ्रेंच पक्वान्नांच्या वर बसवलं. (शाकाहारी हॅगिसही मिळतं. तेही कवितेच्याच निमित्ताने निघालं, १९८४ मध्ये एडिंबरात स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या उद्घाटनासाठी. डाळी, भाज्या आणि ओट असतात. माझी आई इथे आली होती तेव्हा तिने मागून घेतलं.) सोबत कुस्करलेला बटाटा आणि स्वीड नावाचा पिवळसर कंद.

जेवणानंतर मुख्य भाषण असतं, ‘इम्मॉर्टल मेमरी’ म्हणजे ‘अमर स्मृती’. दरवर्षी नवा वक्ता बर्न्सबद्दल काहीतरी नवं सांगायला उभा राहतो. कुणी शेतीतज्ज्ञ, कुणी नर्स, कुणी इतिहासाचा शिक्षक. त्यानंतर पुरुष बायकांना उद्देशून बोलतो आणि बाई त्याला उत्तर देते. अनेक क्लबांनी कितीतरी वर्षं बायकांना आतच घेतलं नव्हतं, हा या परंपरेवरचा डाग आहे. आज मात्र ते उत्तर बहुतेक वेळा संध्याकाळचं सर्वांत धारदार भाषण ठरतं.

इथेच तुमच्या दुसऱ्या आक्षेपाकडे येते. त्याचे दोष खरे आहेत आणि लहान नाहीत. जीनखेरीज इतर बायकांपासूनही त्याला मुलं झाली. १७८६ मध्ये तो जमैकाला एका मळ्यावर नोकरीला जायला निघाला होता, जिथे गुलामांच्या श्रमावर सगळं चालत होतं; पुस्तक खपलं म्हणून तो बेत रद्द झाला. १७८८ मधल्या एका पत्रात त्याने गरोदर जीनबद्दल जे फुशारकीने लिहिलं, त्यावर कवयित्री लिझ लॉकहेड यांनी २०१८ मध्ये अतिशय कडक शब्दांत टीका केली. ती टीका मला योग्य वाटते. पण ती इतक्या लोकांपर्यंत पोहोचली, ती त्याच्या नावाने माणसं दर जानेवारीत एकत्र येतात म्हणूनच. आता कितीतरी भाषणांत जमैकाचा विषय निघतो. त्याच्या जोडीने फ्रेडरिक डग्लसचंही नाव घ्यायला हवं. गुलामीतून पळालेला हा अमेरिकन नेता १८४६ मध्ये मुद्दाम अ‍ॅलोवेला आला आणि बर्न्सच्या म्हाताऱ्या बहिणीला भेटला. ज्या कवीने मळ्यावरची नोकरी पत्करली होती, त्याच्याच ओळींत डग्लसला माणूस म्हणून आपली बाजू दिसली. हे दोन्ही एकाच टेबलावर ठेवून बोलता येतं, आणि मला तेच या दिवसाचं मोल वाटतं.

त्या ओळींपैकी ‘अ मॅन्स अ मॅन फॉर अ’ दॅट’ हे गाणं १७९५ मधलं. हुद्दा हा नाण्यावरचा छाप आहे, सोनं म्हणजे माणूस, असं ते सांगतं. १ जुलै १९९९ ला जवळपास तीनशे वर्षांनी स्कॉटलंडची पार्लमेंट पुन्हा सुरू झाली तेव्हा शीना वेलिंग्टन यांनी राणीच्या समोर तेच गायलं, आणि शेवटच्या कडव्याला सदस्यांनी सूर धरला. ते त्यांना येत होतं, कारण लहानपणापासून ते कानावर पडलेलं होतं.

खुद्द इथल्याही काहींना या सोहळ्याचा राग येतो. ह्यू मॅकडायर्मिड या कवीने १९२६ मध्येच लिहिलं होतं, की जेवायला येणाऱ्या पन्नासांतल्या एकालाही बर्न्सचा शब्द माहीत नसतो. काही हॉटेलांतल्या महागड्या मेजवान्यांना ते आजही लागू आहे. पण शाळांत या. जानेवारीत प्राथमिकची मुलं स्कॉट्स कविता पाठ करून वर्गासमोर म्हणतात. ज्या भाषेसाठी त्यांच्या आजोबांनी शाळेत छड्या खाल्ल्या, तीच. माझ्या मुलाने उंदराची कविता म्हटली तेव्हा त्याचे उच्चार तपासून द्यायला शेजारच्या आजी रोज संध्याकाळी यायच्या. २०२२ च्या जनगणनेत पंधरा लाखांवर लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं नोंदवलं आणि २०२५ मध्ये कायद्याने तिला गॅलिक या स्कॉटलंडच्या दुसऱ्या जुन्या भाषेबरोबर अधिकृत दर्जा मिळाला. हे एकट्या बर्न्समुळे झालं असं मी म्हणत नाही. पण मधल्या दोन शतकांत या भाषेला मानाने उभं राहायला वर्षातून एक ठरलेली संध्याकाळ होती, ती त्याच्या नावाची होती.

त्याचे सूर तुमच्याही कानावरून गेलेले असणार. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) दीक्षान्त संचलनात कॅडेट शेवटचं पाऊल टाकतात ते ‘ऑल्ड लँग साइन’च्या चालीवर. रवींद्रनाथांनी त्याच चालीवर बंगाली गाणं रचलं. आणि कवीच्या जन्मदिवशी भाषेचा मान करणं आपल्याला परकं कुठे आहे? २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, आपण मराठी भाषा गौरव दिन पाळतोच. माझी एवढीच इच्छा आहे, की तो दिवस कार्यालयांच्या सभागृहांतून निघून घराघरांतल्या जेवणापर्यंत यावा.

‘मग बाकीच्या कवींचं काय?’ असंही कुणी विचारेल. रॉबर्ट फर्ग्युसन हा एडिंबराचा कवी बर्न्सच्या आधी स्कॉट्समध्ये लिहीत होता. १७७४ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो गेला, वय २४. थडग्यावर दगडही नव्हता. बर्न्स १७८७ मध्ये एडिंबरात होता तेव्हा त्याने कॅननगेट चर्चच्या आवारातली ती जागा शोधली आणि स्वतःच्या खर्चाने तिथे दगड बसवण्याची व्यवस्था केली. आपण कुणाकडून शिकलो हे तो विसरला नव्हता. आमच्या इथल्या सपरमध्ये आता फर्ग्युसनची एक कविता म्हणतात, एखादी आजच्या कवीचीही. ही प्रथा सगळीकडे पडावी असं मला वाटतं.