दहा म्हशी घेण्याआधी

इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा हिशेबाचा कागद पाहिला. दहा म्हशी, प्रत्येकी १२ लिटर, गुणिले ३६५. चूक या पहिल्याच ओळीत आहे.

१२ लिटर हे व्याल्यानंतर महिना-दोन महिन्यांतले दूध. ३०० दिवसांच्या वेताची, म्हणजे एकदा व्याल्यापासून आटेपर्यंतच्या काळाची, सरासरी ८ लिटर पडली तरी जनावर चांगले म्हणायचे. गाभणकाळ ३१० दिवसांचा आणि व्याल्यावर पुन्हा गाभण राहायला चार-साडेचार महिने, म्हणजे एका विण्यापासून पुढच्या विण्यापर्यंत साधारण ४५० दिवस. २,४०० लिटर भागिले ४५० केले की हातात येतात रोजचे सव्वापाच लिटर. बँकेचा हप्ता या सव्वापाचातूनच जाणार आहे.

तेही माज, म्हणजे म्हैस फळायला आल्याची वेळ, नेमका ओळखला तर. म्हशीचा माज मुका. उन्हाळ्यात बहुधा रात्रीच, आणि तोही जेमतेम दिसतो. एक हुकला की २१ दिवस थांबायचे. तीन हुकले की ६३ दिवस, आणि भाकड म्हशीच्या पोटाला रोजचे १५० रुपये धरलेस तरी साडेनऊ हजार गेले. दहातल्या चार म्हशी अशा निघाल्या की हप्ता थकलाच समज. म्हणून पहाटे एक आणि झोपण्यापूर्वी एक अशी फेरी तुझी स्वतःची हवी, गड्यावर सोडायची नाही. काचेसारखा चिकट स्राव दिसला की त्याच दिवशी रेडा दाखवण्याची किंवा कृत्रिम रेतनाची सोय कर, तारीख वहीत लिही आणि ६० ते ९० दिवसांत डॉक्टरांकडून गर्भ तपासून घे. ‘उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, की गाभण’ हा समज महागात पडतो.

परदेशात मांसासाठी गाई पोसतात, त्याचे व्हिडिओ बघून तू विचारले होतेस. तिकडे लहान वासराची खरेदी, दाण्याचा भाव आणि विक्रीच्या दिवशीचा वजनावरचा दर यांतच सगळी जोखीम असते. आपल्याकडे तो प्रश्नच उद्भवत नाही. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गाय, बैल, वासरू या सगळ्या गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे. त्याचा तुझ्या हिशेबाशी संबंध एवढाच की संकरित गाय दुधाला कितीही भारी असली तरी कायमची भाकड झाली की तिला गिऱ्हाईक नाही आणि मरेपर्यंत चारा तुझा. म्हैस या कायद्यात येत नाही, म्हणून तिला उतरत्या वयातही थोडीफार किंमत राहते. पण ती खरेदीच्या रकमेपुढे चिल्लरच, जमेच्या बाजूला मोठी लिहू नकोस.

खरेदी शक्यतो दुसऱ्या वेताची. विकणारा एक वेळचे दूध कासेत तुंबवून ठेवतो, म्हणून पहिले दूध मोजायचेच नाही. त्यापुढची सलग दोन वेळची तुझ्या डोळ्यांदेखत काढून घे. चारही सडांच्या पहिल्या धारा काळ्या कापडावर पाड, गुठळ्या दिसल्या तर कासदाह. पारडू बाजूला नेल्यावर म्हैस रेकली नाही, तर ते तिचे नसेलही. इंजेक्शनशिवाय पान्हा सोडते का तेही बघ. सवय लागलेली म्हैस आपल्या दावणीला आली की आटते.

दहाच्या दहा एकदम आणू नकोस. पाच आता, पाच सहा महिन्यांनी. नाहीतर सगळ्या एकाच वेळी भाकड पडतात आणि रोजचे दूध बांधलेली घरे दुसरा दूधवाला गाठतात.

भुशाचे गणित वेगळे मांड. दहा म्हशींना माणशी, चुकलो, दर म्हशीला रोज ६ किलो, म्हणजे वर्षाला सुमारे २२० क्विंटल. तो एप्रिलमध्ये, गहू निघाल्याबरोबर भरायचा. कंबाइन यंत्राने कापलेल्या शेतात उरलेल्या काडाचा भुसा करणारा रीपर फिरवला तरच भुसा मिळतो, म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांशी आधीच बोलून ठेव. पावसाळ्यात टंचाई होते आणि दर विकणारा सांगेल तो. हिरव्यासाठी पाण्याखालचे दीड-दोन एकर नेपियर गवत लागेल. दूध वाढले की खुराक वाढतो: पोटापुरता दोन किलो, वर दर दोन लिटरमागे एक किलो. दुधाचा भाव पडला म्हणून हा हात आखडलास तर महिन्याभरात दूध उतरते आणि पुढचा माजही लांबतो.

अनुदान भांडवलात धरू नकोस, ते बहुधा मागाहून कर्जखात्यात जमा होते. हलवाई पंधरवड्याने पैसे देतो, पेंडवाला रोखीने मागतो. म्हणून सहा महिन्यांचा चारा-खुराक आणि हप्ते यांची रक्कम म्हशी आणण्याआधी बाजूला हवी. ती नसेल तर पाचवरच थांब.

विमा पहिल्या दिवसापासून. कानातला बिल्ला पडला की लगेच कळवून नवा लावून घे. मेलेल्या म्हशीच्या कानात बिल्ला नसेल तर दावा अडतो. लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, घटसर्पाची पावसाळ्याआधी. नवी म्हैस तीन आठवडे वेगळी बांध.

कागद पुन्हा मांडून पाठव. या वेळी पहिल्या ओळीत रिकामे दिवस लिही, दूध त्याखाली.

काका